पितृपक्षात शपथ?

(शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५, सोसायटीचा ग्रुप)

मोहिते (सेक्रेटरी): सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या शनिवारी सकाळी ७ ते १० बी विंगची वरची टाकी धुतली जाईल. कृपया पाणी भरून ठेवावे.

जोशी काकू (ए-१०३): टीव्हीवर बघितलं, आपले राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले. छान झालं. पण पितृपक्षात शपथ? आमच्याकडे या दिवसांत साधा मिक्सर घेत नाहीत.

सचिन (बी-५०२): काकू आज ऑर्डर करा, डिलिव्हरी घटस्थापनेला घ्या

ऋतुजा (सी-२०४): काकू, घटनेला पंचांग नाही 😀 अनुच्छेद ६८. उपराष्ट्रपतींनी मध्येच राजीनामा दिला तर 'शक्य तितक्या लवकर' निवडणूक घ्यायची. धनखडांनी २१ जुलैला राजीनामा दिला, मतदान ९ सप्टेंबरला, शपथ आज.

मोहिते (सेक्रेटरी): शक्य तितक्या लवकर नाही, सहा महिन्यांच्या आत. आम्हाला शाळेत होतं.

ऋतुजा (सी-२०४): मोहिते काका, ते राष्ट्रपतींसाठी. अनुच्छेद ६२. राष्ट्रपतिपद अचानक रिकामं झालं तर सहा महिन्यांत निवडणूक झालीच पाहिजे. उपराष्ट्रपतींना तसा आकडाच घातलेला नाही. क्लासच्या टेस्टमध्ये हा प्रश्न दोनदा आला आणि पहिल्यांदा मीही चुकले.

मोहिते (सेक्रेटरी): ठीक. आता धनखडांची राहिलेली दोन वर्षं हे पुरी करणार.

ऋतुजा (सी-२०४): तेही नाही 🙈 पूर्ण पाच वर्षं. त्याच अनुच्छेदात आहे.

वाघमारे (खजिनदार): म्हणजे आपल्या कमिटीच्या उलट. आपल्याकडे मध्येच कोणी सोडलं आणि दुसऱ्याला घेतलं तर तो उरलेल्या मुदतीपुरताच. मी २०२३ ला असाच आलो, विसरू नका.

सचिन (बी-५०२): वाघमारे काका तुम्ही सोडू नका फक्त. टॅलीचा पासवर्ड तुम्हालाच माहीत आहे

शिंदे वहिनी (सी-१०१): महाराष्ट्रातला माणूस पहिल्यांदाच झाला ना उपराष्ट्रपती?

पाटील काका (ए-४०१): महाराष्ट्रातला कुठला, राधाकृष्णन तमिळनाडूचे. आपल्याकडे राज्यपाल होते फक्त, गेल्या वर्षीच्या जुलैअखेरपासून. मराठी माणूस अजून एकही नाही. पंधरा झाले आतापर्यंत.

शिंदे वहिनी (सी-१०१): आमच्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे उभे होते २००२ ला. भैरोसिंह शेखावतांना ४५४ आणि शिंद्यांना ३०५. माझ्या वडिलांनी तो आकडा डायरीत लिहून ठेवला होता. कृष्ण कांत पदावर असतानाच गेले होते, पण निवडणूक त्यांची मुदत संपत आली म्हणून आधीच ठरलेली होती.

पाटील काका (ए-४०१): आणि बी. डी. जत्तींना विसरू नका. माणूस कानडी, पण वकिली शिकले आमच्या कोल्हापुरात. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, तिथे दिवाण होते. १९७७ च्या फेब्रुवारीत फक्रुद्दीन अली अहमद गेले आणि हे उपराष्ट्रपती थेट राष्ट्रपतींच्या खुर्चीत. जुलैपर्यंत होते. मोरारजींना पंतप्रधानपदाची शपथ जत्तींनी दिली.

जोशी काकू (ए-१०३): मग उपराष्ट्रपतींना एरवी काम काय असतं? राष्ट्रपती आजारी पडायची वाट बघणं?

सचिन (बी-५०२): काकू 😂😂

परांजपे सर (बी-३०१): जोशी वहिनी, तुमचा प्रश्न अगदी मर्मावर आहे. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, मुलं हाच प्रश्न विचारायची. उपराष्ट्रपतींचं रोजचं काम म्हणजे राज्यसभेचं सभापतिपद. अनुच्छेद चौसष्ट पदसिद्ध सभापती. पगारसुद्धा सभापती म्हणून मिळतो उपराष्ट्रपती म्हणून वेगळा पगार नाहीच. सध्या महिना चार लाख. आणि राष्ट्रपतींच्या जागी बसले की सभापतीचं काम थांबतं सभापतीचा पगारही थांबतो राष्ट्रपतींचा सुरू होतो. एका वेळी एकच खुर्ची. माफ करा बोलून टाइप करतोय स्वल्पविराम येत नाहीत.

वाघमारे (खजिनदार): एका वेळी एकच खुर्ची. हे पार्किंगलाही लागू करा.

मोहिते (सेक्रेटरी): पार्किंगचा विषय वेगळा आहे. इथे नको.

शिंदे वहिनी (सी-१०१): सर, मला एक कळलं नाही. २१ जुलैपासून आजपर्यंत उपराष्ट्रपती कोण होतं मग? हंगामी कोणी नेमलं होतं का?

परांजपे सर (बी-३०१): कोणीच नव्हतं.

शिंदे वहिनी (सी-१०१): म्हणजे?

परांजपे सर (बी-३०१): म्हणजे खुर्ची रिकामी. आता हाताने टाइप करतो, वेळ लागेल. घटनेत कार्यवाहक राष्ट्रपती आहे, कार्यवाहक उपराष्ट्रपती नाही. राज्यसभा चालवायची तर उपसभापती आहेत, अनुच्छेद ९१. हरिवंशजींनी पावसाळी अधिवेशन तसंच चालवलं. पण राष्ट्रपतींच्या मागे उभं राहायचं हे जे दुसरं काम, ते उपसभापतींकडे जात नाही. ५३ दिवस त्या जागी माणूस नव्हता.

सचिन (बी-५०२): आणि त्या ५३ दिवसांत राष्ट्रपतींना काही झालं असतं तर? आमच्याकडे सर्व्हरला एक बॅकअप असतो आणि बॅकअपलाही बॅकअप असतो

ऋतुजा (सी-२०४): आहे ना. सरन्यायाधीश. १९६९ चा कायदा. राष्ट्रपती नाहीत, उपराष्ट्रपतीही नाहीत, तर भारताचे सरन्यायाधीश राष्ट्रपतींचं काम बघतात. तेही नसले तर सर्वोच्च न्यायालयातले सगळ्यात ज्येष्ठ न्यायाधीश.

पाटील काका (ए-४०१): म्हणजे गवई साहेब! अमरावतीचे!

ऋतुजा (सी-२०४): हो की. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

शिंदे वहिनी (सी-१०१): बघा, मराठी माणूस एका पावलावर होता आणि आपल्याला पत्ता नाही.

परांजपे सर (बी-३०१): तो कायदा कसा आला ते वाचा, वर्गात मुलं इथे हमखास जागी व्हायची. ३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकिर हुसेन गेले. उपराष्ट्रपती गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले. तेव्हा लक्षात आलं की गिरींच्या मागे कोण, हे कुठेच लिहिलेलं नाही. घटनाकारांनी अनुच्छेद ७० मध्ये एवढंच म्हटलं होतं की अशा प्रसंगी काय करायचं ते संसद ठरवील. एकोणीस वर्षं संसदेला गरज वाटली नव्हती. मग घाईने कायदा केला. आणि तो केला म्हणून निभावलं, कारण गिरींना स्वतःलाच राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती. २० जुलैला त्यांनी पद सोडलं. सरन्यायाधीश हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात गेले आणि २४ ऑगस्टला गिरी निवडून येऊन शपथ घेईपर्यंत तिथे होते. नेमके त्याच काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन भारतात आले. त्यांचं स्वागत एका न्यायाधीशाने केलं.

सचिन (बी-५०२): थांबा सर. उपराष्ट्रपती राजीनामा राष्ट्रपतींकडे देतात ना? मग गिरींनी कोणाकडे दिला? राष्ट्रपतींच्या खुर्चीत तेच होते

परांजपे सर (बी-३०१): शाब्बास. उपराष्ट्रपतींचा राजीनामा राष्ट्रपतींकडे, अनुच्छेद ६७. राष्ट्रपतींचा उपराष्ट्रपतींकडे, अनुच्छेद ५६. दोन्ही टोकांना एकच माणूस उभा राहील, हे लिहिणाऱ्यांच्या मनात आलं नसावं. माझं मत विचाराल तर एवढ्या बारकाईने लिहिलेल्या घटनेत हे एक भोक राहिलं, आणि ते कधी बुजवलंही नाही.

पाटील काका (ए-४०१): हिदायतुल्ला म्हणजे नागपूरचे ना?

परांजपे सर (बी-३०१): शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात, वकिली नागपूरला, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशही. गंमत पुढे आहे. १९७९ मध्ये तेच उपराष्ट्रपती झाले, बिनविरोध. आणि १९८२ मध्ये झैलसिंग उपचारांसाठी परदेशी गेले तेव्हा पुन्हा राष्ट्रपतींचं काम पाहिलं. एकदा सरन्यायाधीश म्हणून, एकदा उपराष्ट्रपती म्हणून. दोन्ही दारांनी आत गेलेले ते एकटेच.

जोशी काकू (ए-१०३): परांजपे भावजी, दम घ्या. चहा पाठवू का वर?

परांजपे सर (बी-३०१): पाठवा. साखर नको.

वाघमारे (खजिनदार): एक विचारतो. राधाकृष्णन निवडून येईपर्यंत राज्यपालच होते. उपराष्ट्रपतींना दुसरं लाभाचं पद चालत नाही म्हणतात. मग उमेदवारीअर्ज भरताना राजीनामा नको होता?

ऋतुजा (सी-२०४): नको काका. अनुच्छेद ६६ च्या स्पष्टीकरणात राज्यपाल आणि मंत्री यांची पदं लाभाची धरू नयेत असं लिहिलंय. म्हणून राज्यपाल राहून लढता येतं. निवडून आल्यावर सोडलं, आणि गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार आला. अर्ज भरायला २० सूचक आणि २० अनुमोदक लागतात, सगळे खासदार. अनामत १५ हजार.

वाघमारे (खजिनदार): १५ हजार म्हणजे आपल्या काही सभासदांची मेंटेनन्सची थकबाकी यापेक्षा जास्त आहे. नावं घेत नाही.

मोहिते (सेक्रेटरी): 🙏

शिंदे वहिनी (सी-१०१): आमदार मत देतात का?

ऋतुजा (सी-२०४): नाही. आमदार राष्ट्रपतींच्या निवडणुकीत. उपराष्ट्रपतींना फक्त खासदार, दोन्ही सभागृहांचे, नामनियुक्त धरून. या वेळी ७८१ मतदार होते, ७६७ जणांनी मत दिलं. राधाकृष्णन ४५२, सुदर्शन रेड्डी ३००. रेड्डी म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, गोव्याचे पहिले लोकायुक्त तेच.

सचिन (बी-५०२): ४५२ अधिक ३०० = ७५२. उरलेली १५?

ऋतुजा (सी-२०४): बाद.

सचिन (बी-५०२): खासदारांची मतं बाद?????

ऋतुजा (सी-२०४): उमेदवाराच्या नावापुढे पसंतीचा आकडा लिहायचा असतो, १, २ असा. तोही त्यांनी दिलेल्या पेननेच. आणि मतदान गुप्त, पक्षाचा व्हिप चालत नाही. त्यामुळे चुकून बाद की मुद्दाम, ज्याचं त्याला माहीत.

पाटील काका (ए-४०१): आपल्या गेल्या निवडणुकीत एकच बाद झालं होतं. त्यावर कोणीतरी 'आधी लिफ्ट दुरुस्त करा' लिहिलं होतं.

वाघमारे (खजिनदार): कोणीतरी म्हणजे ए-४०१ 😀 बरं, उपराष्ट्रपतींना काढून टाकायचं असेल तर? गेल्या डिसेंबरात विरोधकांनी धनखडांविरुद्ध नोटीस दिली होती, ती फेटाळली.

परांजपे सर (बी-३०१): चौदा दिवसांची आगाऊ नोटीस, ठराव आधी राज्यसभेत तिथल्या त्या वेळच्या सर्व सदस्यांच्या बहुमताने, मग लोकसभेची संमती. लोकसभेत सुरुवात करता येत नाही. राष्ट्रपतींवर महाभियोग चालवायचा तर घटनाभंगाचा आरोप लागतो, इथे कारण काय असावं ते लिहिलेलंच नाही. आजवर एकही उपराष्ट्रपती असे गेलेले नाहीत. ती नोटीस योग्य होती की

मोहिते (सेक्रेटरी): सर, इथेच थांबू या. ग्रुपचा नियम क्रमांक २, पक्षीय राजकारण नको. मागच्या वेळी चार जण ग्रुप सोडून गेले, त्यांना पाण्याचे निरोप मी जिन्यात जाऊन देतो.

परांजपे सर (बी-३०१): मान्य. चहा आला.

वाघमारे (खजिनदार): मग आपलंच बोलू. भोसले साहेब ऑक्टोबरमध्ये लेकीकडे कॅनडाला जाणार, जानेवारीपर्यंत. चेकवर चेअरमनची सही लागते. आपल्याकडे व्हाइस चेअरमन हे पदच नाही. लिफ्टवाल्याचं ८६ हजारांचं बिल नोव्हेंबरमध्ये येईल.

सचिन (बी-५०२): म्हणजे मोहिते काकांच्या शब्दांत, खुर्ची रिकामी

मोहिते (सेक्रेटरी): ते मी नाही, सर म्हणाले.

भोसले (चेअरमन): मी अजून इथेच आहे. सगळं वाचतोय. राजीनामा दिलेला नाही.

पाटील काका (ए-४०१): साहेब, देऊ नका. कोणाकडे द्यायचा तेच आपल्याला माहीत नाही.

भोसले (चेअरमन): सहीचं काय करायचं ते रविवारी ११ वाजता क्लबहाऊसमध्ये ठरवू. बँकेत ठराव द्यायला आठ दिवस तरी लागतात. मोहिते, नोटीस लावा.

जोशी काकू (ए-१०३): रविवारी आमच्याकडे सासऱ्यांचा पक्ष आहे, मला नाही जमणार. आणि पितृपक्षात नवीन काही ठरवू नये.

ऋतुजा (सी-२०४): काकू, अनुच्छेद ६८.

जोशी काकू (ए-१०३): तू गप गं. खीर पाठवते तुझ्याकडे.

मोहिते (सेक्रेटरी): सभा रविवारी ११ वाजता. आणि बी विंग, परत सांगतो, टाकी उद्या ७ वाजता. बी-५०२, तुमच्या बाथरूमचा नळ रात्री चालू राहतो अशी खालून तक्रार आहे.