डिशवॉशरमधून पेले पांढुरके निघतात, मीठ भरूनही (सांगली, नळ + बोअरचं पाणी)

विश्रामबाग_सांगली
सोसायटीच्या टाकीत महापालिकेचं आणि बोअरचं पाणी एकत्र येतं. टीडीएस मीटर ७४० दाखवतो. काचेचे पेले आणि स्टीलची ताटं पांढुरकी निघतात, वरच्या फवाऱ्याच्या पात्याची चार-पाच भोकं बुजलीत. मिठाच्या कप्प्यात बाजारचं खडे मीठ आहे, धुण्याची गोळी ऑल-इन-वन (साबण, मीठ सगळं एकातच). पाण्याच्या जडपणाचं सेटिंग मशीन आलं तेव्हाचंच. आर.ओ.चं पाणी जोडू का?

कृष्णाकाठ
आर.ओ. नको. घरगुती आर.ओ. तासाला १२-१५ लिटर देतो आणि मशीनला एका भरण्यात ३-४ लिटर दोन-तीन मिनिटांत लागतं. पाणी कमी पडलं की मशीन एरर देऊन थांबेल.

मुळात टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे. टीडीएसमध्ये सगळे विरघळलेले क्षार येतात, भांड्यांवर थर बसवतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. हार्डनेसची (जडपणा मोजायची) पट्टी आणा आणि मशीनला जोडलेल्या नळाचंच पाणी तपासा. आकडा मिग्रॅ/लिटरमध्ये येतो, त्याला १७.८ ने भागलं की जर्मन अंश (जडपणाचंच दुसरं एकक). पुस्तिकेतला तक्ता बहुतेक वेळा याच अंशांत असतो. सेटिंग कमी असेल तर मशीन रेझिन (सॉफ्टनरमधले पाणी मृदू करणारे मणी) वेळेवर मिठाच्या पाण्यानं धूत नाही, मग कप्पा भरलेला असला तरी पाणी जडच राहतं.

उन्हाळ्यात टाकीत बोअरचं पाणी वाढतं, तेव्हा पुन्हा तपासा. पण उगाच सगळ्यात वरचं सेटिंग ठेवू नका. फार मृदू पाण्यात काच झिजून कायमची धुरकट होते. व्हिनेगरनं पुसून डाग गेला तर तो क्षार, नाही गेला तर बहुधा काच झिजलीय.

मिरज_रिपेअर
खडे मीठ हेही एक कारण आहे. त्यात माती आणि थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, म्हणजे जे काढायचं तेच आपण आत घालतो. जेवणातलं बारीक मीठही नको, ते गोळा होऊन बसतं आणि त्यात गुठळ्या न होण्यासाठी मिसळलेले पदार्थ असतात. डिशवॉशरचंच जाड मीठ घ्या. जुनं शक्य तेवढं उपसून काढा. कप्प्यात पाणी ओतायचं ते फक्त पहिल्या वेळी, नंतर मीठच. चुकून साबणाची पावडर त्यात गेली तर सॉफ्टनर कामातून जातो, म्हणून नरसाळं वापरा.

पाती काढून कोमट पाण्यात (लिटरला दोन चमचे लिंबूसत्त्व) अर्धा तास बुडवा, भोकं टूथपिकनं मोकळी करा. सुई नको, भोक मोठं झालं की फवारा वाकडा जातो. मग जाळी धुऊन, रिकाम्या मशीनच्या तळाशी १०० ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून ६०-६५ अंशांचा एक पूर्ण प्रोग्राम. सोबत साबण नाही, ब्लीच तर अजिबात नाही. दर वेळी व्हिनेगर ओतण्याची सवय मात्र नको, रबरी सील कडक होतात.

ऑल-इन-वन गोळीतलं मीठ साधारण २१ जर्मन अंशांपर्यंतच पुरतं. त्यापुढे कप्प्यात मीठ हवंच, आणि रिन्स एड (शेवटच्या धुण्यात पडणारं द्रव) वेगळं भरा. त्यानं पाण्याचे थेंब न राहता पातळ पडदा ओघळून जातो.

विश्रामबाग_सांगली
पट्टीवर ४५० आलं, म्हणजे २५ अंश. सेटिंग ७-८ अंशांचं होतं, ते २२-३० वर नेलं. ताटांवरचे डाग व्हिनेगरनं गेले. मीठ बदलल्यावर मात्र पेल्यांना खारट चव येतेय.

मिरज_रिपेअर
झाकण नीट बसलेलं नाही. आट्यांत मिठाचा खडा अडकला असेल. झाकण काढून आटे आणि रबरी वॉशर ओल्या फडक्यानं पुसा, सरळ फिरवून घट्ट करा, लगेच रिन्सचा छोटा प्रोग्राम लावा. सांडलेलं मीठ रात्रभर राहिलं तर स्टीलच्या तळाला गंजाचे बारीक खड्डे पडतात. तरीही खारटच लागलं तर वॉशर बदला.