गावातल्या पहिल्या महायुद्धाच्या पाटीवर फक्त आकडे आहेत, नावं कशी शोधायची?

कोयनाकाठ:
सातारा जिल्ह्यातलं गाव. चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, इंग्रजीत. या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतके मेले, एवढंच. नावं नाहीत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धात मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणारी संस्था) साइटवर गावातली नेहमीची आडनावं टाकून पाहिली, काही हाती लागलं नाही. सुरुवात कुठून करावी?

दप्तरखाना:
आडनावावरून जाऊ नका, तिथंच सगळे अडकतात. भरती करणाऱ्या कारकुनानं कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलंय. चव्हाणचे चार-पाच अवतार, पवार कधी व्हीनं, कधी डब्ल्यूनं, कधी ओ घालून. कित्येकांचं आडनाव लिहिलेलंच नाही, नुसतं 'रामा' किंवा 'बाळू'.

अॅडव्हान्स्ड सर्चमध्ये नावाची चौकट कोरी सोडा. 'इंडियन आर्मी' निवडा, पहिलं महायुद्ध निवडा, आणि 'अॅडिशनल इन्फॉर्मेशन'मध्ये गाव टाका. गावाचंही स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी करून बघा, मग तालुका, मग नुसतं सातारा. बऱ्याच नोंदींत 'अमक्याचा मुलगा, राहणार अमुक' असं असतं, म्हणजे बापाचं नावही तिथंच मिळतं.

पाटीवर १९१९ असलं तरी तारखेची मर्यादा तिथं घालू नका. कमिशन ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतं.

संगीन:
त्यात पलटणीची चाळणी लावा. तेव्हाच्या मराठा पलटणी सहा: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ मध्ये या सगळ्या एकत्र करून ५वी मराठा लाइट इन्फंट्री झाली, त्यामुळे आजच्या बटालियनच्या नावानं शोधलं तर १९१६ चा शिपाई सापडणार नाही. पण सातारा म्हणजे मराठा पलटण असं धरून बसू नका. खडकीच्या सॅपर्समध्ये (लष्करी इंजिनिअर) आणि रस्ते-खंदक खणणाऱ्या पायोनिअर पलटणींतही या भागातली माणसं होती. महार असेल तर १९१७ ला उभी राहिलेली १११वी महार पलटणही बघा.

१०३, ११० आणि ११७ या तिन्ही सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात होत्या, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तिथं गोळीइतकंच पोटानंही मारलं. बहुतेक हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस एप्रिल उजाडेपर्यंत टाळलं, ताजा भाजीपाला नव्हता, मग स्कर्व्ही. गोऱ्या सैनिकांना मात्र पांढऱ्या पावामुळे बेरीबेरी (हाही निकस आहाराचाच रोग) झाला. तो आट्यावरच्या हिंदी शिपायांना फारसा झाला नाही. शरण गेल्यावर पुढची कैद वेगळीच, त्यात कित्येक संपले. त्यामुळे मृत्यूची तारीख १९१६ च्या एप्रिलनंतरची दिसली म्हणून 'हा कुतचा नाही' असं ठरवू नका.

स्मारकाच्या रकान्यात बहुधा 'बसरा मेमोरियल' येईल. त्या दगडावरही साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीनिहाय आकडे आहेत. नावं रजिस्टरात. खडकीच्या स्मारकावर आशा ठेवू नका. ते ज्यांच्या कबरींची निगा राखणं शक्य राहिलं नाही अशांसाठी आहे, आणि दहन झालेल्याची कबर कुठून असणार.

कोयनाकाठ:
धन्यवाद. एका घरात ताऱ्याच्या आकाराचं काशाचं युद्धपदक निघालंय, मागं अक्षरं आहेत पण झिजलेली. चांदीचं पदक नाही.

संगीन:
चांदीचं मोडीत गेलं असणार, दुष्काळात ते पहिलं सोनाराकडं जायचं. ताऱ्याच्या मधोमध '१९१४-१५' असेल तर तो माणूस ३१ डिसेंबर १९१५ च्या आत रणभूमीवर पोचलेला होता. मागं नंबर, हुद्दा, नाव, पलटण या क्रमानं ठसे असतात. चिंच, पितांबरी काही लावू नका, उरलेलं अक्षरही जाईल. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून चारी बाजूंनी फोटो काढा. नंबर लागला की नावाचं स्पेलिंग गौण.

मोडीवाली:
इंग्रजी कागद संपले की तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जा. १९१५ ते १९२२ चे जुने फेरफार मागा, बहुतेक मोडीत असतील. वारसनोंदीत 'लढाईवर मयत' अशा अर्थाचं काही आहे का बघा. अडचण अशी की जमीन बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असेल तर पोरगा मेल्याची नोंद फेरफारात येतच नाही.

जुना गाव नमुना १४, म्हणजे तेव्हाचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, यात बाहेर मेलेला शिपाई सहसा नसतो. तरी ते चाळा, पण १९१८ च्या सप्टेंबरपासून पुढं जपून. इन्फ्लुएन्झाचे बहुतेक मृत्यू नुसते 'ताप' म्हणून नोंदलेत. सुट्टीवर किंवा नाव कमी होऊन परतलेला शिपाई या साथीत गेला असेल तर तो पाटीवरच्या मेलेल्यांत धरला असेलच असं नाही. आकडा जुळला नाही तर आधी इथं शोधा.

दप्तरखाना:
एक राहिलं. लाहोरच्या संग्रहालयातली रजिस्टरं ऑनलाइन आली आहेत, त्यात गावनिहाय नावं आहेत, पण ती फक्त पंजाबची. लोक त्यात सातारा शोधत बसतात.