मदत हवी आहे: टेबल सबंध लाकडाचं की व्हिनियरचं (वरून लाकडाचा फक्त पातळ थर चिकटवलेलं), दुकानात कसं ओळखायचं?

चौघांसाठी डायनिंग टेबल घ्यायचंय. 4 बाय 2.5 फुटांपेक्षा मोठं मावणार नाही. बजेट 40 हजार. दादरला तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद, त्यामुळे पाय सुटे होणारं हवं.

तुर्भ्याचं आयकिया, लोअर परळच्या रघुवंशी मिलमधली दुकानं, ओशिवरा, सगळं पालथं घातलं. (रघुवंशीत किमतीची चिठ्ठी उलटली की हात आपोआप मागे येतो.) एका शोरूममध्ये ‘सॉलिड शीशम’ म्हणून दाखवलेलं टेबल जवळजवळ पक्कं केलं होतं. वाकून पाहिलं तर वरच्या रेषा काठाशीच थांबलेल्या, काठाला पट्टी चिकटवलेली आणि एका कोपऱ्यात ती नखभर सुटलेली. विक्रेता म्हणे, “मॅडम, सगळे असंच करतात.” व्हिनियरला माझी ना नाही, पण मग भाव तरी व्हिनियरचा लावा!

प्लाय-सनमायका कृपया सुचवू नका, घरात आहे तेवढं पुरे.

काठावरच्या रेषा आणि वजन सोडून तुम्ही दुकानात उभ्याउभ्या आणखी काय तपासता? आणि सबंध लाकूडच घेतलं, तर पावसाळ्यात फळी वाकू नये म्हणून खालच्या जोडणीत नेमकं काय बघायचं?