वॉशिंग्टन स्टेट संपलं असं मला नाही वाटत
काही जण म्हणतात की पॅक-12 (अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या विद्यापीठांची कॉन्फरन्स, म्हणजे खेळांची लीग) फुटल्यावर वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला काही भवितव्य नाही, मला नाही पटत. 2023 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओरेगन आणि वॉशिंग्टन या विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सला जायचं ठरवलं, ॲरिझोना, युटा वगैरे बिग ट्वेल्व्हला, स्टॅनफर्ड तर पार अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये, उरले दोघंच, वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट. पण या दोघांनी कोर्टात भांडून पॅक-12 च्या बोर्डाचा ताबा मिळवला आणि म्हणूनच बॉइसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट वगैरेंना घेऊन 2026 पासूनची नवी पॅक-12 उभी करता आली, बास्केटबॉलला गॉन्झागा विद्यापीठ पण आहे, म्हणजे अगदी शेजारीच.

खरी काळजी आहे ती टीव्हीच्या पैशाची आणि ट्रान्सफर पोर्टलची (खेळाडूंनी विद्यापीठ बदलायची यंत्रणा). वॉशिंग्टन स्टेटनं क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, चाली चालवणारा मुख्य खेळाडू) घडवायचा आणि मोठ्या विद्यापीठांनी उचलायचा, कॅम वॉर्ड गेला, मग 2024 च्या डिसेंबरात जॉन मटीर ओक्लाहोमाला आणि त्याच महिन्यात कोच पण वेक फॉरेस्टला, जीव तुटतो हो बघताना. पण विद्यापीठाचं पुलमन एवढंसं गाव, वस्ती साधारण 32 हजार आणि स्टेडियम जवळपास 33 हजारांचं, असा पाठिंबा किती जणांकडे आहे? ॲपल कप (वॉशिंग्टन विद्यापीठाशी होणारा पारंपरिक सामना) 2028 पर्यंत ठरलाय, तो मात्र पुढेही कुठल्याही परिस्थितीत सोडू नये.