‘इन्फ्लॅमेबल’ : पेट घेणारं की न घेणारं?

इंग्रजी शब्दाला ‘इन्’ लागला की अर्थ उलटतो, हे आपण शाळेत शिकतो आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. करेक्ट-इन्करेक्ट, व्हिजिबल-इन्व्हिजिबल, कम्प्लीट-इन्कम्प्लीट. याच चालीवर कुणी ‘फ्लॅमेबल’ म्हणजे पेट घेणारं आणि ‘इन्फ्लॅमेबल’ म्हणजे पेट न घेणारं असं धरलं, तर त्याच्या तर्कात खोट काढता येत नाही. अर्थ मात्र साफ चुकतो. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे : चटकन पेट घेणारं. इतर शब्दांत अशी गल्लत झाली तर फार तर वाक्य बिघडेल. हा शब्द डब्यांवर, टँकरवर, स्पिरिटच्या बाटल्यांवर छापलेला असतो, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर.

लॅटिनमध्ये ‘इन्’ दोन आहेत, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. एक नकाराचा. तो आणि आपला ‘अ’ किंवा ‘अन्’ यांचं मूळ एकच. ग्रीकमधला ‘अ/अन्’ आणि खुद्द इंग्रजीतला ‘अन्’ हेही त्याच कुळातले. दुसरा ‘इन्’ म्हणजे ‘आत, -मध्ये’. त्याचं नातं आपल्या ‘अंतर्’शी आहे. म्हणजे एक ‘इन्’ ‘अनर्थ’मधल्या ‘अन्’च्या घरचा आणि दुसरा ‘अंतर्भाव’मधल्या ‘अंतर्’च्या घरचा. संस्कृतात ही दोन रूपं वेगळी राहिली, लॅटिनमध्ये कानाला एकसारखी झाली. पुढे इंग्रजीने दोन्हीकडचे शब्द उचलले. त्यामुळे ‘इम्मोबाइल’मध्ये नकार आहे, तर ‘इमिग्रंट’मध्ये आत येणं आहे, आणि नुसता उपसर्ग बघून ते ओळखता येत नाही.

‘फ्लामा’ म्हणजे ज्वाळा. तिच्यापासून लॅटिनमध्ये ‘इन्फ्लामारे’ हे क्रियापद झालं : आग लावणं, पेटवणं. यातला ‘इन्’ दुसऱ्या घरचा. इंग्रजीतलं ‘इन्फ्लेम’ हे त्याचंच रूप, आणि ‘इन्फ्लेम’ होऊ शकतं ते ‘इन्फ्लॅमेबल’. शब्दाची फोड ‘इन् + फ्लॅमेबल’ अशी नाहीच; ती ‘इन्फ्लेम + एबल’ अशी आहे. ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी काम झालं. (उच्चारात ‘फ्लेम’चा ‘फ्लॅ’ होतो, त्यामुळे ही फोड कानाला लगेच जाणवत नाही.)

वयानेही ‘इन्फ्लॅमेबल’च थोरला. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. ‘फ्लॅमेबल’ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, लॅटिनवरून भाषांतर करताना घडवला गेला आणि नंतर बराच काळ कुणी फारसा वापरलाही नाही. मधल्या दोनशे वर्षांत रसायनशास्त्राची सगळी भिस्त थोरल्या शब्दावर होती. हेन्री कॅव्हेंडिशने 1766 मध्ये धातूंवर आम्ल टाकून मिळणाऱ्या ज्या वायूचं वर्णन केलं, त्याला तो ‘इन्फ्लॅमेबल एअर’ म्हणे. तोच आपला हायड्रोजन. ते नाव 1787 मध्ये लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दिलं. त्याआधी 1776 मध्ये व्होल्टाने मॅजोरे सरोवराच्या काठच्या दलदलीतून बुडबुड्यांनी वर येणारा वायू गोळा केला. त्यालाही त्याने इटालियनमध्ये जळणारी हवा असंच म्हटलं. तो मिथेन होता. या लोकांना ‘इन्फ्लॅमेबल’ शब्दाने कधी कोड्यात टाकलं नाही, कारण लॅटिन त्यांच्या रोजच्या वाचनातली भाषा होती. शब्द बदलला नाही. त्याचा वाचक बदलला.

विसाव्या शतकात पेट्रोल, रंग, सॉल्व्हंट यांचे डबे लॅटिनचा गंधही नसलेल्या कामगारांच्या हाती आले आणि ही शंका धोक्याची ठरू लागली. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920च्या दशकात ‘फ्लॅमेबल’ वापरावा असा आग्रह धरला. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही 1959 मध्ये तेच धोरण जाहीर केलं : ‘फ्लॅमेबल’ आणि ‘नॉन-फ्लॅमेबल’ ही जोडी वापरा, जुनी नको. आज रसायनांच्या लेबलांसाठी संयुक्त राष्ट्रांची जी पद्धत जगभर चालते, तिच्या इंग्रजी मजकुरात ‘फ्लॅमेबल’च आहे, सोबत लाल चौकटीच्या चौकोनात ज्वाळेचं चित्र. व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर असलेला जुना शब्द लोकांच्या जिवासाठी मागे सारला, हा निर्णय मला मनापासून पटतो.

पण डब्याच्या दुसऱ्या बाजूला फ्रेंच मजकूर असेल तर तिथे ‘इन्फ्लॅमेबल’चंच फ्रेंच रूप दिसेल, स्पेलिंगही तेच. स्पॅनिश आणि इटालियनमध्येही जुना शब्द टिकून आहे. फ्रेंचमध्ये उलट अर्थ हवा असेल तर आणखी एक नकाराचा ‘इन्’ पुढे जोडतात आणि ‘इनिन्फ्लामाब्ल’ असा शब्द होतो. दोन घरचे दोन ‘इन्’ तिथे शेजारी शेजारी उभे असतात. ‘इन्हॅबिटेबल’ची गंमत तर याहून मोठी : इंग्रजीत ते राहण्याजोगं, फ्रेंचमध्ये राहण्यास अयोग्य. जुन्या इंग्रजीतही तो कधीकाळी ‘अयोग्य’ याच अर्थाने चाले.

आपल्याकडेही उपसर्ग असे दगा देतातच. ‘विफल’मधला ‘वि’ फळ हिरावून घेतो, ‘विख्यात’मधला ख्याती वाढवतो. ‘अनुत्तम’ म्हणजे उत्तम नसलेलं असं वाटतं. संस्कृतात त्याचा अर्थ ज्याहून उत्तम दुसरं नाही असं. ‘इन्व्हॅल्युएबल’ तर आपल्या ‘अमूल्य’चं जुळं भावंडच : नकार आहे, पण तो मोलाचा नाही, मोल करता येण्याचा आहे. ‘अमूल्य’ म्हणजे कवडीमोल असं आपण कधी समजत नाही, तेव्हा ‘इन्व्हॅल्युएबल’ने अडखळायचं कारण नाही.

आता मराठीत काय लिहावं? ‘ज्वलनशील’ आणि ‘ज्वालाग्राही’ हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. मला वाटतं, त्यांत फरक ठेवला तर फार उपयोग होईल. लाकूड, कोळसा, कागद जळतात, पण त्यांना नीट आच लागावी लागते. ते ज्वलनशील, म्हणजे इंग्रजीत ‘कम्बस्टिबल’. पेट्रोलजवळ ठिणगी पडायचा अवकाश, ते ज्वाळा पकडतं. ते ज्वालाग्राही, म्हणजे ‘फ्लॅमेबल’. तंत्रज्ञ हा फरक फ्लॅश पॉइंटने मोजतात. द्रवातून इतकी वाफ निघू लागली की जवळ नेलेल्या ज्योतीने ती क्षणभर भपकन पेटते, असं सर्वांत कमी तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा सुमारे उणे 40 अंश सेल्सियस, डिझेलचा 50 अंशांच्या वर. म्हणून कडाक्याच्या थंडीतही पेट्रोल पेटायला तयार असतं, आणि डिझेल मात्र आधी तापावं लागतं. जुन्या अमेरिकी नियमांत सीमारेषा 37.8 अंशांवर होती; संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत 93 अंशांपर्यंतचे द्रव ‘फ्लॅमेबल’ गणले जातात. त्यामुळे डिझेल एका नियमात ‘कम्बस्टिबल’ आणि दुसऱ्यात ‘फ्लॅमेबल’ ठरतं. भाषांतर करताना मूळ मजकूर कुठल्या नियमाला धरून आहे ते आधी पाहावं.

पेटते ती वाफ, द्रव नव्हे, हे या शब्दामागचं खरं शास्त्र. बेंजामिन ली व्होर्फ हा भाषाशास्त्रज्ञ पोटापाण्यासाठी एका विमा कंपनीत आगप्रतिबंधाचं काम करत असे. 1941 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने लिहिलं की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांपाशी लोक जपून वागतात, रिकाम्या पिंपांपाशी मात्र सिगारेट ओढायला, थोटकं टाकायला कचरत नाहीत. जास्त धोका रिकाम्या पिंपात असतो, कारण त्यात वाफ आणि हवा मिसळलेली असते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असेल तर मिश्रण पेटतं. ‘रिकामं’ या साध्या शब्दाने माणसं गाफील होत असतील, तर ‘इन्’ लागलेल्या शब्दाने होणार नाहीत असं कसं म्हणावं?

लाक्षणिक वापरात मात्र थोरला शब्द अजून रुबाबात आहे. शीघ्रकोपी स्वभावाला किंवा ठिणगीची वाट पाहणाऱ्या परिस्थितीला इंग्रजीत ‘इन्फ्लॅमेबल’ म्हणतात. तिथे ‘फ्लॅमेबल’ कानाला खटकतो. ‘इन्फ्लॅमेटरी’ निराळा. भाषणाबद्दल असेल तर प्रक्षोभक, शरीराबद्दल असेल तर दाह करणारं. ‘इन्फ्लमेशन’ला आपण ‘दाह’ म्हणतो, त्यातही आग आहेच.

उलट अर्थासाठी ‘नॉन-फ्लॅमेबल’ लिहावं, मराठीत ‘अज्वालाग्राही’ किंवा सरळ ‘पेट न घेणारं’. ‘फ्लेम रिटार्डंट’चं भाषांतर मात्र असं करू नये. तसं कापड किंवा फोम पेट घेतो. फक्त उशिरा घेतो आणि ज्वाळा सावकाश पसरते. त्याला ‘ज्वालामंदक’ म्हणावं. ‘अग्निरोधक’ लिहिलं तर वाचणाऱ्याला ते जळतच नाही असं वाटेल.