लोकांचे तंटे सोडवते, माझाच सुटत नाही

रामबागची_ताई:
बत्तीस वर्षं बँकेत कॅश सांभाळून निवृत्त झाले. इंदूरला आमच्या रामबागेत कुणाचं काही बिनसलं की मंडळी माझ्या ओट्यावर येऊन बसतात. परवा शेजारच्या सासू-सुनेचं वाळवणावरून वाजलं होतं. पोह्यांची प्लेट संपायच्या आत दोघी हसत घरी गेल्या. आणि माझा सख्खा धाकटा भाऊ? आठ महिने बोलणं बंद. वाडा बिल्डरला देण्याआधी त्यानं आईचा पितळी बंब भंगारात काढला, तोही मला न विचारता. माझं शहाणपण तिथे कुठे जातं? तत्त्वज्ञान, मानसशास्त्र वाचलेल्यांनी सांगा. "सोडून द्या हो" म्हणणाऱ्यांनी चहा घ्यावा आणि जावं.

मानसशास्त्र_शिकवतो:
ताई, याला नावच आहे: सॉलोमनचा विरोधाभास. बायबलमधला शलमोन राजा न्यायनिवाड्यासाठी नावाजलेला, स्वतःच्या घरात मात्र सगळा गोंधळ. इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांचा यावरचा अभ्यास २०१४ मध्ये आला. जोडीदारानं फसवलंय अशी कल्पना काहींना स्वतःबद्दल करायला सांगितली, काहींना मित्राबद्दल. मग पाहिलं, की आपल्याला सगळं ठाऊक नाही हे कोण मानतं, समोरच्याची बाजू कोण बघतं, तडजोड कोण शोधतं. मित्राबद्दल विचार करणारे सरस ठरले. ६० ते ८० वयाची माणसंही स्वतःच्या बाबतीत तरुणांसारखीच अडकली, तेव्हा पिकल्या केसांच्या भरवशावर राहू नका. पण स्वतःचाच प्रसंग 'तो', 'ती' म्हणत लांबून बघायला लावलं, तेव्हा ही तफावत उरली नाही.

जुनं_इंदूर:
अरे भिया, लांबून बघणं म्हणजे पळ काढणंच की! ॲरिस्टॉटलनं सोफिया आणि फ्रोनेसिस वेगळे ठेवलेत. सोफिया म्हणजे न बदलणाऱ्या सत्यांचं ज्ञान. फ्रोनेसिस म्हणजे या घडीला, या माणसाशी कसं वागावं याची समज. पोरं भूमितीत लहानपणीच तरबेज होतात, फ्रोनेसिस मात्र त्यांच्यात दिसत नाही, कारण ती एकेका अनुभवातून येते, असं तो म्हणतो. ताईंनी सासू-सुना ढिगानं पाहिल्यात; भावाशी वाटणी ही पहिलीच. अर्जुनाचंही धनुष्य गळालं ते समोर आजोबा आणि गुरू उभे होते म्हणून. परक्यांशी लढताना कधी गळालं नव्हतं.

रामबागची_ताई:
जुनं_इंदूर, अगदी. लांबून बघितला तर बंब नुसता पितळेचा दिसतो. माझ्या बाळंतपणात आई पहाटे चारला उठून तो पेटवायची.

तरी काल रात्री 'ती' म्हणत वहीत लिहून पाहिलं. कॅश जुळत नसली की पेन जड व्हायचं, तसं झालं. लिहिलं ते असं: 'तिच्या भावानं बंब विकला. त्याआधी त्यानं तिला दोनदा फोन केला होता. तिनं उचलला नाही, कारण वाड्याच्या कागदांवरून ती चिडली होती.'

ते दोन फोन वर प्रश्न लिहिताना मी गाळलेत बघा. मुद्दाम नाही. आठवलेच नव्हते.

जुनं_इंदूर:
मग लावलात का त्याला?

रामबागची_ताई:
आज सकाळी लावला. दोनदा. उचलला नाही त्यानं.