मदत हवी आहे: मोत्याची किडनी निकामी झाली आहे, पुढे न्यावे की कायमचे झोपवावे?

पडवीकर
नमस्कार, गुहागरहून लिहितो आहे. आमच्या मोत्याची किडनी निकामी झाली आहे, असे डॉक्टरांनी काल सांगितले. तो चार दिवस काही खात नाही, पाणी प्यायले की लगेच उलटतो, तोंडाला उग्र वास येतो आणि जिभेच्या कडेला चट्टे पडले आहेत. एकतर मोठ्या ठिकाणी नेऊन आठवडाभर सलाइनवर ठेवा, खर्च तीस-चाळीस हजारांच्या घरात जाईल आणि खात्री कुणी देणार नाही. नाहीतर त्याचे हाल थांबवा, असे दोन मार्ग डॉक्टरांनी पुढे ठेवले आहेत. उद्या दुपारपर्यंत निर्णय कळवायचा आहे. आई सकाळपासून पडवीत पेजेची वाटी घेऊन त्याच्याजवळ बसली आहे. वाटी तोंडाशी नेली की तो मान भिंतीकडे वळवतो. अशा अवस्थेतून कुत्रा उठलेला कुणी पाहिला आहे का, एवढेच सांगावे. त्याची सगळी इंजेक्शने झालेली आहेत, त्यामुळे तो विषय कृपया काढू नये.

सागवान
मी या वाटेने गेलो आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आमची लॅब्रेडोर बारा वर्षांची होती. निर्णय घेववेना म्हणून आम्ही तिला वीस दिवस कातडीखाली सलाइन देत राहिलो, आणि त्यातला एकही दिवस तिच्यासाठी नव्हता, सगळे आमच्यासाठी होते. शेवटच्या आठवड्यात सुईची पिशवी दिसली तरी ती थरथरायची. तुम्ही ती चूक करू नका. आधी गुंगीचे इंजेक्शन देतात, मग दुसरे. काही मिनिटांत सगळे शांत होते. त्याला घरीच, आईच्या हाताखाली जाऊ द्या.

खाडीकाठ
सागवान, आपले दुःख समजते, पण मोत्या बारा वर्षांचा आहे हे आपल्याला कुणी सांगितले? मूळ लेखात वय नाही, वजन नाही, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंड किती बिघडले हे दाखवणारा रक्तातला) आकडा नाही, आणि आजार महिन्यांचा आहे की दिवसांचा, तेही नाही. पडवीकर, तो लघवी करतो का? केली तर किती आणि कधी?

घेटुळी
एवढी घाई करू नका. आमच्या वाडीत घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नव्याच्या, मुळांचा काढा देऊन एक कुत्रा आठ दिवसांत चालता झाला. पावसाळ्यात ती परसात सहज मिळते. सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी चमच्याने पाजा आणि वर गोखरूचे चूर्ण द्या. पोटात पाणीसुद्धा जात नसेल तर सुया टोचून काय होणार?

निवृत्त_पशुवैद्य
जो प्राणी घोटभर पाणी उलटतो, त्याला जबरदस्तीने काढा पाजला की तो फुप्फुसात जातो आणि एका आजाराचे दोन होतात. पोटात काही टिकत नाही, म्हणूनच शिरेतून द्यावे लागते. मी पशुधन विकास अधिकारी म्हणून याच किनाऱ्यावर नोकरी केली. ती बहुतेक गुराढोरांत गेली हे मान्य, पण लावणीच्या दिवसांत अशी कुत्रीही पुष्कळ पाहिली. खाडीकाठ यांच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. शिवाय डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या आहेत का, सोनोग्राफीत मूत्रपिंडे लहान दिसली की मोठी, आणि आजारी पडल्यावर घरातून कोणती गोळी दिली होती, हेही कळवावे.

पडवीकर
मी एक साधा प्रश्न विचारला आणि चौकशी आयोग बसला. तरीही सांगतो. वय पाच वर्षे, वजन २२ किलो, क्रिएटिनिन ८.४. सोनोग्राफीत मूत्रपिंडे ‘किंचित मोठी’ असे लिहिले आहे. सहा दिवसांपूर्वी तो आमच्याबरोबर लावणीला होता, दिवसभर चिखलात लोळला आणि नेहमीप्रमाणे व्हाळाचे पाणी प्यायला. आजार दिवसांचाच आहे, हे मी लिहायला हवे होते. डोळे पिवळसर वाटतात, पण पडवीतल्या दिव्यामुळेही तसे दिसत असेल. लघवीचे सांगता येत नाही, तो खळ्यात जाऊन येतो आणि वर पाऊस कोसळतो आहे. पहिल्या दिवशी अंग गरम लागले आणि तो मागच्या पायांवर नीट उभा राहीना, म्हणून बाबांची डायक्लोफेनॅकची एक वेदनाशामक गोळी गुळातून दिली होती. एका गोळीने काय होणार?

निवृत्त_पशुवैद्य
एका गोळीने पुष्कळ होते. डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला सोसत नाही, आणि अंगातले पाणी कमी झालेले असताना तर मुळीच नाही. (ते दिलेली मेलेली गुरे खाऊन गिधाडे मेली म्हणून जनावरांसाठी ते २००६ मध्ये बंद झाले, माणसांच्या डब्यातून मात्र ते अजून कुत्र्यापर्यंत पोचते.) ही गोळी आपल्या डॉक्टरांना आजच सांगा.

मात्र तुम्ही आता जे लिहिले, त्याने प्रश्नच बदलतो. वर्षानुवर्षे झिजलेले मूत्रपिंड बहुधा आकसलेले असते, त्या कुत्र्याचे वजन महिनोन्महिने उतरत गेलेले असते, अंगात रक्त कमी असते, आणि गेलेले मूत्रपिंड परत येत नाही. सागवान यांची लॅब्रेडोर बहुधा त्यातली होती आणि तिच्याबाबतीत ते म्हणतात ते खरे आहे. पाच वर्षांचा कुत्रा सहा दिवसांत कोसळला, मूत्रपिंड सुजलेले, डोळे पिवळे आणि मागे लावणीचा चिखल, म्हणजे लेप्टोचा (उंदरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाचा) संशय आधी घ्यायला हवा. ८.४ हा आकडा दोघांच्याही कागदावर सारखाच भयंकर दिसतो, पण अचानक बंद पडलेले मूत्रपिंड कारण दूर झाले तर पुन्हा सुरू होऊ शकते. सलाइन, उलटी थांबवणारे औषध आणि पेनिसिलिनच्या जातीचे इंजेक्शन वेळेत मिळून उठलेली कुत्री मी पाहिली आहेत. पोटात टिकू लागले की पुढे दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन चालते. पहिल्या आठवड्यात रक्तातली तपासणी नकारात्मक येऊ शकते, म्हणून अहवालासाठी औषध थांबवू नये.

सागवान
आपण आशा दाखवता आहात, किंमत तो कुत्रा मोजणार आहे. न उठलेली किती पाहिली, हेही लिहा.

निवृत्त_पशुवैद्य
तीही पाहिली. ज्यांची लघवी सलाइन लावूनही सुरू झाली नाही, त्यांतले डायलिसिसशिवाय वाचलेले मला आठवत नाही. म्हणून निर्णय आज करण्याचा नाही आणि अनिश्चित काळ लांबवण्याचाही नाही. नळी घालून लघवी मोजायला सांगा. २२ किलोच्या कुत्र्याला अंगात पुरेसे पाणी गेल्यावर तासाला निदान २०-२२ मिली लघवी व्हायला हवी. ४८ ते ७२ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा करा. लघवी होत नसेल आणि आकडा चढत असेल, तर लघवीशिवाय सलाइन चढवत राहणे म्हणजे त्याला आतून बुडवणे होय. तेव्हा सागवान यांचे ऐकावे. ही मर्यादा आजच कागदावर लिहा, कारण तिसऱ्या दिवशी घरात कुणाचेही डोके ठिकाणावर नसते.

हेदवीची_सून
कुणी विचारले नाही, पण लिहिते. लेप्टो लघवीतून माणसांना होतो. तुमच्या आई त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, त्यांच्या पायांना भातशेतीच्या भेगा असतीलच. त्यांना हातमोजे आणि पायांत बूट द्या, पडवी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, मुलांना दूर ठेवा. घरात कुणाला ताप आला किंवा पोटऱ्या दुखू लागल्या, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात घरचा कुत्रा आजारी असल्याचे आधी सांगा. आमच्याकडे ते सांगायचे राहिले होते.

घाटमाथा
नेणार असाल तर मुंबईचा विचार सोडा. कुंभार्ली घाटाने कऱ्हाड-साताऱ्यावरून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या.

खाडीकाठ
उलटी करणाऱ्या कुत्र्याला गुहागरपासून शिरवळपर्यंत, या पावसात, घाटातून? आणि परळलाही महाविद्यालय आहेच, ते तर १८८६ पासून आहे. पण सलाइन, नळी आणि रक्ततपासणी एवढेच हवे असेल, तर चिपळुणात रात्री थांबवून घेणारा दवाखाना आहे का, हे आधी फोनवर विचारावे. लघवी सुरू झाली नाही आणि डायलिसिस करायचेच ठरले, तरच पुढच्या प्रवासाला अर्थ आहे. तिथेही ती सोय सुरू आहे का, हे निघण्यापूर्वी विचारावे.

आणि पडवीकर, आपण नको म्हणालात तरी विचारतो. ‘सगळी इंजेक्शने’ म्हणजे कोणती? लसीचे पुस्तक उघडून पाहावे.

पडवीकर
पाहिले. दर वर्षी रेबीजची आहे, शिबिरातली. लेप्टो असलेली एकत्रित लस पिल्लू असताना दोनदा झाली, त्यानंतर एकदाही नाही. ती दर वर्षी द्यायची असते हे मला आज कळले. रेबीजचा शिक्का दिसला की सगळे झाले, असे मी धरून चाललो होतो.

आईने काल देवळात कौल लावला होता आणि तो उजवा आला, म्हणून ती झोपवण्याला तयार नव्हती. मी चिडून बोललो. गोळीचे मात्र तिला अजून सांगितलेले नाही. दुपारी डॉक्टरांना सांगितली. ते रागावले नाहीत, त्यांनी फक्त कागदावर लिहून घेतली. मग त्यांनीच चिपळूणला फोन केला.

पडवीकर
रात्रीचे अकरा वाजले आहेत, चिपळुणातून लिहितो आहे. पाच वाजता सलाइन आणि नळी लावली. पहिले दोन तास पिशवीत जवळजवळ काहीच नव्हते, फक्त चहासारखे गडद थेंब. आता एकूण १३० मिली आहे आणि रंग थोडा उतरला आहे. उलटी दोनदाच झाली. इथल्या डॉक्टरांनाही लेप्टोच वाटतो. गोळीनेही भर घातली असेल, असे ते म्हणाले. क्रिएटिनिन परवा सकाळी होईल. आकडा चढला आणि पिशवी रिकामी राहिली तर थांबायचे, असे लिहून मी आणि बाबांनी सही केली आहे. आईने सही केली नाही. तसे झाले तर मला आधी फोन कर, मी पहिल्या एसटीने येते, तोपर्यंत त्याला काही करू नका, असे तिने सांगितले आहे.